दारावरचा कागद

सोफिया, १२ मे २०१९

प्रिय बाबा,

फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं आणि तुम्ही तीनदा 'हं' म्हणालात. त्यावरून तुम्हाला एक अक्षरही ऐकू आलं नाही हे कळलं, म्हणून लिहिते आहे. कानाचं यंत्र कानात घालण्यासाठी घेऊन दिलं होतं, ड्रॉवरमध्ये जपून ठेवण्यासाठी नाही.

तर घर. तुम्ही व्रात्सातलं घर विकायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं, आणि आपण सगळ्यांनी मिळून तुमच्या खोलीसकट मोठी जागा घ्यायची, हे फेब्रुवारीत ठरलं. तेव्हापासून दर शनिवारी मी आणि लाचेझार घरं बघायला जातो आणि दर शनिवारी भांडून परत येतो. एकोणीस घरं झाली. सतरा बाद. उरलेली दोन शहराच्या दोन टोकांना आहेत, आणि जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

पहिलं ओर्लोवा चेश्माला. डोंगराच्या पायथ्याशी, नवी कोरी पांढरी इमारत, खाली काचेचं मोठं दार, दुसरा मजला. खिडकी उघडली की समोर विटोशा डोंगर. फाटकाच्या आत सगळं चकाचक, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत चिखल. फुटपाथ नाही, शाळा नाही, बस चाळीस मिनिटांनी, तीही आली तर. पाव आणायला गाडी काढावी लागेल.

दुसरं पेत्रोव मोस्तला. आपली नेहमीची काँक्रीटच्या पाट्या जोडून उभी केलेली आठमजली, प्रवेशद्वार बी, सहावा मजला. कोपऱ्यावर ट्राम, खाली शाळा, मागे बाजार. मोठ्या खोलीच्या भिंतीला ओल आहे आणि जिन्यात कायम कुणाच्या तरी घरची फोडणी. लाचेझारला तुम्ही ओळखता, तुमचा जावई पंधरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो. तो तिथल्या लिफ्टमध्ये शिरला, कान लावून उभा राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, हिच्या दोराला मी आपल्या पोरीला, बिल्यानाला, टांगणार नाही. घर त्यानं धड बघितलंच नाही. माझंही तसंच म्हणा. दिवसभर कवळ्या बनवते, त्यामुळे मी लोकांची तोंडं बघत बसले. चेश्माला सगळ्यांचे दात पांढरे आणि स्वतःचे. मोस्तला निम्म्या कवळ्या, आणि त्यातल्या एक-दोन आमच्याच प्रयोगशाळेतल्या असाव्यात.

९ तारखेला यायला जमलं नाही. त्याच दिवशी चेश्माचा फ्लॅट दाखवणार होते, आणि दलाल म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. रागावू नका.

आता तुम्ही सांगा, कुठलं? एका शब्दात सांगा.

विह्रा

•

व्रात्सा, २० मे

विह्रे,

चार पानं दोनदा वाचली. डोंगर आहे, चिखल आहे, दात आहेत, फोडणीचा वासही आहे. बघायला हवं होतं ते तेवढं नाही. दारं वाचलीस का?

तू छापखान्यात वाढलीस, तरी तुला हे नव्यानं सांगावं लागतंय. सदतीस वर्षं मी या गावातल्या गेलेल्या माणसांचे कागद खिळे जुळवून छापले. वर फोटो, खाली नाव, वय, आणि दुःखी कुटुंबीय. एक माणूस गेला त्या दिवशीचा, मग चाळीस दिवसांचा, मग सहा महिन्यांचा, मग वर्षाचा. आणि ज्यांना विसरता येत नाही ते तिसऱ्या वर्षी येतात, पाचव्या वर्षी येतात, दहाव्याही. कागद नेतात आणि आपल्या दारावर लावतात. मी परगावी गेलो की आधी लोकांची दारं वाचतो. चर्च, चौक वगैरे नंतर. तुझी आई म्हणायची, याला फिरायला नेणं म्हणजे स्मशानात सहल. पण दार वाचून मी एकदाही फसलो नाही.

तेव्हा दोन्हीकडे जा आणि दारावर किती कागद आहेत, कितव्या वर्षाचे आहेत, ते लिहून पाठव. मग एका शब्दात सांगतो.

इकडे घराला गिऱ्हाईक आलं आहे. नवरा-बायको, दोघंही शिक्षक. बाईंना द्राक्षाचा मांडव आवडला. पुरुषाला काहीच आवडलं नाही, म्हणजे घेणार. ऑक्टोबरअखेर ताबा मागतात.

आईचा सहा महिन्यांचा कागद ९ तारखेला लावला. वाऱ्यानं एक कोपरा सुटला होता. समोरच्या स्तामेननं मला न विचारता खळ आणून बसवला. तू येणार म्हणून तिच्या नावानं वाटायचा गहू शिजवला होता, तोही त्याच्याकडेच दिला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

बाबा

•

सोफिया, ९ जून

प्रिय बाबा,

मला वेड लागलं आहे असं आता दोन वस्त्यांमधले लोक म्हणत असतील. आज रविवार, बिल्यानाला लाचेझारकडे टाकलं आणि वही घेऊन दारं वाचायला निघाले.

पेत्रोव मोस्त, प्रवेशद्वार बी. अकरा कागद. चाळीस दिवसांचे दोन, सहा महिन्यांचा एक, वर्षाचे दोन, तीन वर्षांचे दोन, पाच वर्षांचा एक, आठ वर्षांचा एक (हा ट्रामचालक, फोटोतही टोपी घालून बसला आहे), दहा वर्षांचा एक आणि एकवीस वर्षांचा एक. एकवीस, बाबा. त्या फोटोतल्या माणसाचं जाकीटसुद्धा आता कुणी घालत नाही. दाराचा मूळ रंग कुठला हे सांगता येत नाही. मी उतरवून घेत असताना एक माणूस बाहेर आला आणि विचारू लागला, गॅसच्या ऑफिसातून आलात का?

ओर्लोवा चेश्मा. शून्य. काच इतकी स्वच्छ की माझाच वैतागलेला चेहरा दिसला.

लाचेझारला वही दाखवली. म्हणाला, "अकरा गेले आणि लिफ्ट अजून तीच." मग सगळं संपलंच.

मलाही वाटतं, हे स्पष्ट आहे. मोस्तला माणसं म्हातारी होतात आणि मरतात, चेश्माला अजून कुणी मेलंच नाही. तरुण वस्ती आहे. तुम्ही म्हणालात म्हणून दारं वाचली, आता तुम्ही तुमचा एक शब्द सांगा. दलाल दिवसातून दोनदा फोन करतो, आणि घरात माझा नवरा फक्त मीठ मागण्यापुरता बोलतो.

विह्रा

•

व्रात्सा, १७ जून

विह्रे,

दार नीट उतरवून घेतलंस, वाचलंस मात्र पहिलीतल्या पोरासारखं.

अकरातले गेल्या दोन-तीन महिन्यांतले दोनच. एवढ्या मोठ्या जिन्यात दोन माणसं जातातच. बाकीचे नऊ बघ. एकवीस वर्षांनी कुणीतरी कपाटातून तो फोटो काढतं, छापून आणतं, आणि खाली येऊन चवड्यांवर उभं राहून लावतं. म्हणजे ते माणूस अजून त्याच दारातून रोज ये-जा करतं. आणि बाकीचे लोक तो कागद फाडत नाहीत, त्याच्यावर जुना सोफा विकण्याची जाहिरात चिकटवत नाहीत. त्या जाकीटवाल्याला आता ओळखणारे तिथे किती असतील? पण त्याची बायको कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सकाळी नऊपर्यंत पडदा उघडला नाही तर दार ठोठावतील अशी माणसं मला त्या अकरा कागदांत दिसतात.

शून्याचं मला काही वाचता येत नाही. कोऱ्या पानाचा मी छापणारा नाही. तिथेही माणसं मरतच असतील, तेव्हा मेलेल्यांना ते लोक कुठे लावतात तेवढं विचारून ठेव.

एका शब्दात विचारलं होतंस. मोस्त. आणि लिफ्टचं रडगाणं मला सांगू नका. तुझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो की लोणी विकतो?

बाबा

•

सोफिया, २ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुमच्या पत्राला अडीच महिन्यांनी उत्तर देते आहे. का ते आता सांगते. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

चेश्माच्या फ्लॅटचा इसार आम्ही ७ जूनला, शुक्रवारी दिला. मी दारं वाचायला गेले ते त्यानंतरच्या रविवारी. तुम्ही शून्य बघून 'घ्या' म्हणाल आणि मग सांगायची वेळच येणार नाही, असं मला वाटलं होतं. जुलैत तुम्ही फोनवर विचारलंत, काय ठरलं? मी बारीक आवाजात 'बघतोय' म्हटलं आणि तुम्ही 'हं' म्हणालात. तुम्हाला ऐकू येत नाही याचा मी फायदा घेतला. याची मला लाज वाटते, आणि ती वाटायला लावल्याबद्दल तुमचा रागही येतो.

कारण माझी बाजूही आहे. मी तुम्हाला ओल सांगितली, बस सांगितली, शाळा सांगितली. साधं, कुठलाही बाप ज्यावर मत देईल असं. तुम्ही मला दुसऱ्यांचे मेलेले मोजायला पाठवलंत. लाचेझारला पहाटे उठून डोंगर बघायचा आहे. पंधरा वर्षं तो अंधाऱ्या बोगद्यात दोरांना लोंबकळून काम करतो, त्याला काचेची खिडकी हवी तर त्यात काय चुकलं? कुणाचं तरी ऐकणं भाग होतं. मी घरात असलेल्याचं ऐकलं.

आता राहण्याच्या नियमांची नऊ पानं आली आहेत. बाल्कनीत मिरच्या भाजायच्या नाहीत. सतरंज्या झटकायच्या नाहीत. दार, भिंत, फाटक यांवर काहीही चिकटवायचं नाही. तुमची मिरच्या भाजायची शेगडी आणू नका, किंवा आणा, आपण खिडक्या बंद करून गुन्हेगारांसारख्या भाजू. नोटरीकडे सह्या १५ नोव्हेंबरला आहेत. तोवर तुम्ही आमच्या भाड्याच्या घरात राहा, बिल्याना तुम्हाला तिची खोली देणार आहे. नव्या घरात तुमची खोली पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट पलंगावर येईल.

काहीतरी लिहा. ओरडलात तरी चालेल.

विह्रा

•

व्रात्सा, १० सप्टेंबर

विह्रा,

पत्र मिळालं. घर ठरलं, चांगलं झालं. लाचेझारला डोंगर लखलाभ.

मी येणार नाही. शिक्षकांना घर द्यायचं कबूल केलं आहे, ते ३१ ऑक्टोबरला ताबा घेतील, आणि तुम्हाला जे द्यायचं ठरलं ते मिळेल. त्यात बदल नाही. मी बाजारामागे एक खोली बघितली आहे. मालकीण विधवा आहे आणि माझ्याइतकीच बहिरी, त्यामुळे भांडण व्हायचं काही कारण नाही.

ओरडण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट विचारायची होती, ती मे महिन्यातच सरळ विचारायला हवी होती. जमलं नाही.

९ नोव्हेंबरला तुझ्या आईला वर्ष होतं. गेल्या दिवशीचा कागद मी या दारावर लावला. चाळीस दिवसांचा इथेच लावला, सहा महिन्यांचाही. वर्षाचा कुठे लावू? नऊ दिवस कमी पडतात. नव्या मालकांना सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत, पण दुसऱ्याच्या दारावर माझी बायको मी कशी लावू? पहिल्याच आठवड्यात त्यांची मुलं विचारतील, ही कोण. बाजारामागच्या खोलीत ती कधी राहिली नाही, तिथे तिला ओळखणारं कुणी नाही. मांडव विकला, वाईनचं पिंप विकलं, त्याचं काही वाटलं नाही. दार विकताना हे लक्षात आलं.

मला वाटलं होतं, तुमच्या दारावर लावीन. म्हणून दारं वाच म्हणालो. तुझ्या दाराला ते चालत नाही. तू इसार देऊन बसली आहेस, तुझा दोष नाही.

बाबा

•

सोफिया, १५ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र महिनाभर माझ्या पर्समध्ये आहे. चारदा उत्तर लिहिलं आणि चारदा फाडलं. तुम्ही असे आहात की पोटात दुखत असलं तरी गुडघा दाखवाल. मे महिन्यात एवढंच म्हणाला असतात ना, की विह्रे, मला तुझ्या आईसाठी दार हवं आहे. एक ओळ. मी इसार दिला नसता. यावरून मी रोज ट्राममध्ये तुमच्याशी मनात भांडते, आणि मग आठवतं की ९ मेला मी व्रात्साला न येता काचेचं दार बघायला गेले होते.

चेश्माच्या व्यवस्थापकाला भेटले. तरुण आहे आणि इतका सभ्य की त्याच्याशी भांडताही येत नाही. त्याला म्हटलं, फक्त एक कागद, फक्त एक आठवडा, पुढच्या वेळी दोन वर्षांनी. त्यानं मनापासून ऐकून घेतलं, आणि म्हणाला की कागद शक्य नाही, पण खालच्या दालनात पडदा आहे, त्यावर सूचना फिरतात, त्यात आईंना घेता येईल. माझ्या फोनमधला आईचा फोटो घेतला आणि लगेच करून दाखवलं.

तो लाल स्वेटरमधला फोटो, मांडवाखालचा. आई आली. मी मोजलं. नऊ सेकंद. मग गेली आणि हिवाळी टायरांची सवलत आली. मग पिझ्झा, मग योगाचे वर्ग, मग गटार साफ करण्याची तारीख, आणि मग पुन्हा आई, हसत.

मी म्हटलं, "काढा तिला तिथून."

तो म्हणाला, "पंधरा सेकंद करता येतील."

मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही, तुम्ही मला तसं बोलायला शिकवलेलं नाही.

घरी येऊन लाचेझारला सांगितलं की चेश्मा नको. तो म्हणाला, एका कागदासाठी? इसार बुडवायचा, डोंगर सोडायचा, ओल आलेली भिंत आणि मोडकी लिफ्ट घ्यायची, एका कागदासाठी? अर्धा दिवस मलाही त्याचंच पटतं. उरलेला अर्धा दिवस मी नऊपर्यंत मोजत असते. तीन दिवस आम्ही बोललो नाही, मग बिल्यानाला ताप आला म्हणून बोललो. ठरलेलं काहीच नाही.

वर्षाचा कागद जुळवा आणि मला पाठवा. कुठे लावायचा ते विचारू नका, मलाही माहीत नाही. आणि त्या बहिऱ्या बाईची खोली सहा महिन्यांसाठी घेऊन बसू नका.

विह्रा

•

व्रात्सा, २४ ऑक्टोबर

विह्रे,

कागद सोबत आहे. शेडमधलं छपाईचं हातमशीन शिक्षकांनी मागितलं होतं, शोभेला. द्यायच्या आधी त्यावर हे शेवटचं काम केलं. दोनच प्रती काढल्या. एक तुझी. दुसरी माझ्या पेटीत, पांघरुणांच्या वर ठेवली आहे.

फोटो तोच घेतला, लाल स्वेटरचा. मजकूर लांबवला नाही. नेवेना, वय एकाहत्तर, एक वर्ष. खाली आपली नावं. लाचेझारचंही घातलं आहे, त्याला सांग.

दोन गोष्टी. काचेवर लावू नकोस. खळ काचेला धरत नाही, दुसऱ्या दिवशी कागद जमिनीवर असतो आणि लोक त्यावरून चालतात. आणि खळ कणकेची कर, पातळ, चिमूटभर मीठ घालून. विकतचा गोंद फोटोतून आरपार येतो.

लाचेझारशी भांडू नकोस. त्याचं म्हणणं खोटं नाही. डोंगर रोज दिसतो, कागद तीन वर्षांतून एकदा लागतो. मी त्याच्या जागी असतो तर डोंगरच घेतला असता. मी त्याच्या जागी नाही, एवढंच.

भिंतीवरची घड्याळं काढली. खोल्यांत आता आवाज घुमत असेल, मला ऐकू येत नाही ते बरंच आहे. दारावर तिच्या कागदाच्या जागी एक उजळ चौकोन उरला आहे. घासून बघितला, जात नाही.

बाबा

•

सोफिया, ११ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

शनिवारी सकाळी उठून तुम्ही सांगितली तशी खळ केली, मुरंब्याच्या बरणीत भरली, आईला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ट्राममध्ये बसले. कुठे जाते आहे हे ट्राम सुटेपर्यंत मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पेत्रोव मोस्तला उतरले. बाहेर धुकं, हात गार, आणि एखाद्या दुकानातून काहीतरी उचलून पळाल्यासारखं वाटत होतं.

प्रवेशद्वार बी. जूनमधले चाळीस दिवसांचे दोघं आता सहा महिन्यांचे झाले होते. ते बघून उगाच बरं वाटलं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. पण दारावर जागा नव्हती. बरणी एका हातात, कागद दुसऱ्या हातात, मी वर-खाली बघत उभी. मागून एक म्हातारी आली. हातगाडीवर कोबीचे गड्डे, हिवाळ्यासाठी पिंपात मिठात मुरवायचे, आणि लिफ्ट बंद म्हणून तोंडानं लिफ्टचा उद्धार चाललेला.

थांबली. म्हणाली, "कुणाची?"

"माझी आई."

"कितव्या मजल्यावरची?"

"चौथ्या," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं.

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, लांब धरून वाचला. "नेवेना. एकाहत्तर. लवकर गेली गं." मग दाराकडे बघितलं, तो टोपीवाला ट्रामचालक आहे ना, आठ वर्षांचा, त्याचा कागद नखानं हलकेच सोडवला, आणि त्याला म्हणाली, "सरक रे जरा. पाहुणी आली आहे." माझ्या बरणीतली खळ बोटानं घेऊन त्याला चार बोटं डावीकडे लावलं. मोकळ्या झालेल्या जागेवर आईला लावलं, आणि कणीक थापावी तशी तळहातानं कडेपर्यंत सारखी केली. तो ट्रामचालक तिचा नवरा होता, बाबा.

मग हातगाडीची दांडी धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौथ्यावर मी राहते, पोरी. त्रेचाळीस वर्षं. समोर डॉक्टरीणबाई."

मला वाटलं जमीन फाटावी आणि आत जावं.

ती म्हणाली, "सहाव्यावरची जागा रिकामी आहे. कुणी विचारलं तर सहाव्यावरची म्हणून सांगेन. आता रडू नको, कोबी उचल."

दोन खेपांत चौदा गड्डे चौथ्या मजल्यावर नेले. मग तशीच आणखी दोन मजले चढून त्या बंद दारासमोर बसले आणि लाचेझारला फोन केला. सांगितलं, माझी आई पेत्रोव मोस्तला आहे, ये.

तो भांडायच्या तयारीनंच आला. खाली दाराशी थांबला. कागदावर आपलं नाव वाचलं असणार, कारण बराच वेळ वर आला नाही. मी जिन्यातून डोकावून बघितलं तर हा लिफ्टचं दार उघडून आत. गाडीतून हत्यारं काढून आणली होती. दोन तासांनी तेलकट हातांनी वर आला, लिफ्टनं. म्हणाला, दोर ठणठणीत आहे, दाराचा एक खटका खराब होता, मे महिन्यात मी घाईत ऐकलं. एवढंच. माफी वगैरे काही नाही. घरी येताना डोंगराचं नावही काढलं नाही, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं.

आज चेश्माला नकार कळवला. इसार गेला, त्या सभ्य पोरानं फार सभ्यपणे तसं पत्र पाठवलं. सहाव्यावरच्या मालकाशी उद्या बोलणं आहे. भिंतीला ओल आहेच, लाचेझार तिच्याकडे बघून उसासे टाकतो आणि मीही टाकते. दोघांची चिडचिड संपलेली नाही, आणि इसाराची गोष्ट पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात येईल हे मला दिसतं आहे.

तुमची खोली पश्चिमेला आहे. सकाळी ऊन नाही. दुपारी येतं.

तुमची विह्रा

•

व्रात्सा, १८ नोव्हेंबर

विह्रे,

पत्र खोलीच्या मालकिणीला वाचून दाखवलं, ओरडून. तिला निम्मं कळलं आणि ती पूर्ण रडली.

इसाराचं लाचेझारला मी एकदाच बोलेन आणि मग कधीच नाही. त्याला सांग, रविवारी तो मला डोंगरावर घेऊन जाईल. डोंगर तिथून ट्रामनं काही फार लांब नसेल. आणि तो खटका पुन्हा एकदा तपासायला सांग, मी शेगडी घेऊन येतो आहे आणि ती जड आहे.

त्या बाईंचा ट्रामचालक चार बोटं सरकला, त्याबद्दल मला त्यांना भेटून बोलायचं आहे. त्याच्या दहाव्या वर्षाचा कागद मी जुळवीन, पैसे घेणार नाही.

आणि त्यांना तोवर एवढं सांगून ठेव, की तू खोटं बोलली नव्हतीस, मजला तेवढा चुकला. नेवेना सहाव्यावरचीच. ती आधी राहायला आली आहे. नवरा सामान घेऊन मागून येतो आहे.

बाबा